कॉलेज मार्गदर्शनाच्या सत्रात एक तास कम्युनिटी कॉलेजला द्या

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीस आणि कॉलेज मार्गदर्शन सत्रांच्या आयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

मंडळांच्या कॉलेज सत्रांत एस.ए.टी. या प्रवेश परीक्षेवर बोललं जातं, निबंधांवर बोललं जातं, अर्ली डिसिजन (लवकर, एकाच कॉलेजला बांधून घेणारा अर्ज) कुठे टाकावं यावर तर वादही रंगतात. दोन वर्षांच्या स्थानिक कम्युनिटी कॉलेजचा विषय मात्र "तोही एक पर्याय असतो" एवढ्या एका वाक्यात आटोपतो, आणि ते वाक्य आपल्यासाठी नाही असं प्रत्येक जण गृहीत धरतो. मोठ्या शहरांच्या उपनगरांत हे खपून जातं. पण आपली माणसं आता छोट्या गावांतही आहेत. पंचवीस खाटांच्या रुग्णालयातले डॉक्टर आहेत, मक्याच्या शेतांमधल्या कारखान्यांतले इंजिनिअर आहेत, दूरच्या सरकारी विद्यापीठांतले संशोधक आहेत. त्यांच्या घरापासून गाडीने जाऊन-येऊन करण्यासारखं कॉलेज बहुतेकदा एकच असतं, आणि ते दोन वर्षांचं, सार्वजनिक, कमी फीचं असतं. त्यांना तुमच्या सत्रातून काहीच मिळत नाही.

आधी गावातलं कॉलेज आणि मग तिथून विद्यापीठात ट्रान्सफर, हा रस्ता चांगला आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र तो शेवटाकडून आखावा लागतो: आधी पदवी कुठून आणि कशात घ्यायची ते ठरवायचं, मग त्यासाठी गावातल्या कॉलेजात काय घ्यायचं ते. बहुतेक घरांत "आधी जाऊ तर दे, विषय नंतर बघू" असं होतं आणि वाचवलेले पैसे तिसऱ्या-चौथ्या वर्षी व्याजासकट बाहेर जातात.

पैशांचा हिशोब आधी. एस.ए.टी. घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या आकड्यांप्रमाणे स्थानिक विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर होती, तर राज्यातल्याच चार वर्षांच्या सार्वजनिक विद्यापीठाची ११,६१०. दोन वर्षांत पंधरा हजारांचा फरक पडतो. मूल घरी राहिलं तर वसतिगृह आणि मेसचे पैसे वाचतात ते वेगळे, आणि ती रक्कम बहुतेकदा फीपेक्षाही मोठी असते. त्यावर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट, म्हणजे आयकरात मिळणारी सूट: फी आणि पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण, पुढच्या २,००० वर पाव, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त २,५००. चार हजारांच्या फीवर हे क्रेडिट पुरेपूर वसूल होतं आणि खिशातून जातात फक्त साडेपंधराशेच्या आसपास. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० डॉलरपर्यंत असेल तर ते पूर्ण मिळतं, १,८०,००० ला संपतं. मूल किमान अर्धवेळ शिकत असायला हवं आणि त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असायला हवा.

ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची पेल ग्रँट आहे, ती परत करावी लागत नाही. २०२५-२६ मध्ये तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. ती पूर्ण मिळाली तर बहुतेक कम्युनिटी कॉलेजांची फी भागून पुस्तकं आणि गाडीच्या गॅसलाही (पेट्रोललाही) पैसे उरतात. "आमचं उत्पन्न जास्त आहे, फाफ्सा कशाला भरायचा" हे केंद्राच्या मदतीच्या या अर्जाबद्दलचं आपल्याकडचं नेहमीचं वाक्य. पण काही राज्यांच्या फी-माफीच्या योजना उत्पन्न बघतच नाहीत, फाफ्सा मात्र मागतात. टेनेसी प्रॉमिस हे त्यातलं ठळक उदाहरण. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलाने तो भरायलाच हवा. आई-वडिलांच्या एच-१बी नोकरीमुळे एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही, त्यांचा मुद्दा पुढे येईल.

फीचा दर ठरताना फक्त राज्य बघत नाहीत. अनेक राज्यांत कॉलेजचा स्वतःचा डिस्ट्रिक्ट असतो आणि तिथले रहिवासी त्यासाठी मालमत्ता कर भरतात. टेक्सस आणि मिशिगनमध्ये असे भाग आहेत जे कुठल्याच कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये येत नाहीत, तिथल्या मुलाला जवळच्या कॉलेजातही 'आउट ऑफ डिस्ट्रिक्ट' दर लागतो. इलिनॉयमध्ये, तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात एखादा अभ्यासक्रम नसेल तर दुसऱ्या कॉलेजच्या वाढीव फीचा भार उचलण्याची तरतूद आहे, तिला चार्जबॅक म्हणतात. अर्ज कॉलेजचं सत्र (सेमिस्टर) सुरू होण्याआधी करावा लागतो. उशीर झाला की ती सवलत गेली. नवीन घर घेताना शाळेचा डिस्ट्रिक्ट आपण बारकाईने बघतो, कॉलेजचाही बघावा.

आता ग्रामीण भागातला खर्च, जो कुठल्याच फीपत्रकात नसतो. कॉलेज चाळीस मैलांवर, आठवड्यातून चार दिवस जाणं-येणं, सोळा आठवड्यांचं सत्र: ५,१२० मैल होतात. गाडी गॅलनला तीस मैल देत असेल तर सुमारे १७० गॅलन गॅस. हे परवडतं. पण टायर, ऑइल, विमा, घसारा सगळं धरणारा आय.आर.एस.चा (अमेरिकी आयकर खात्याचा) २०२५ चा ७० सेंट प्रति मैल हा दर लावला तर एका सत्राचे ३,५८४ डॉलर. म्हणजे प्रवासाचा वर्षाचा खर्च फीच्या दीडपटीहून जास्त! उपाय वेळापत्रकात आहे. नोंदणी उघडते त्याच दिवशी नाव घातलं तर बरेचदा मंगळवार-गुरुवारचे वर्ग आणि त्याच दिवसांची प्रयोगशाळा पकडता येते, मैल निम्मे होतात. आठवडाभराने गेलात तर उरलेला वर्ग सोमवार-बुधवार सकाळी आठचा आणि प्रयोगशाळा शुक्रवारी दुपारी, असं होतं. बर्फाच्या प्रदेशात संध्याकाळची प्रयोगशाळा शक्यतो टाळावी. काही ग्रामीण कॉलेजांना स्वतःची वसतिगृहं असतात, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. कॅन्ससमध्ये, वायोमिंगमध्ये, उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत क्विन्सी, वीड, सुझनव्हिल अशा गावांत ती आहेत. दोन तासांचा रोजचा प्रवास आणि वसतिगृह यांचा हिशोब कागदावर मांडून मगच ठरवावं.

खरं घोडं पेंड खातं ते विषयांच्या साखळीत. शहरातल्या मोठ्या कॉलेजात कॅल्क्युलस दोन दर सत्रात असतं, उन्हाळ्यातही असतं. गावातल्या कॉलेजात ते वर्षातून एकदाच, एकाच वर्गाचं, एकाच प्राध्यापकाकडे असतं, कारण त्याला बसणारी मुलंच आठ-दहा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याला कॅल्क्युलस एक, दोन, तीन, डिफरन्शिअल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स किमान दोन सत्रं, केमिस्ट्री, स्टॅटिक्स आणि एक प्रोग्रॅमिंग एवढं दोन वर्षांत बसवायचं असतं. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय किंवा निदान सोबत घेतल्याशिवाय हे फिजिक्स घेता येत नाही, फिजिक्स एक झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, कॅल्क्युलस दोन झाल्याशिवाय तीन नाही. चार सत्रांत ही साखळी जेमतेम मावते. मुलाने पहिल्या सत्रात प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली तर कागदावर एक सत्र मागे पडतं, पण विषय वर्षातून एकदाच मिळत असल्यामुळे प्रत्यक्षात पूर्ण वर्ष जातं. म्हणून प्रीकॅल्क्युलस बारावीत किंवा बारावीनंतरच्या उन्हाळ्यात संपवायचं. गणित कुठून सुरू करायचं ते ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा कॉलेज घेत असेल तर ती "नुसती औपचारिकता" समजून थकून आल्यावर देऊ नये. त्या तासाभरावर एक वर्ष ठरू शकतं.

आखणी अशी करावी. ज्या विद्यापीठात जायचं तिथलं त्या शाखेचं चार वर्षांचं पत्रक उघडा आणि पहिल्या दोन वर्षांचे विषय वेगळे लिहून काढा. मग त्या विद्यापीठाच्या ट्रान्सफर इक्विव्हॅलन्सीच्या पानावर गावातल्या कॉलेजचा कुठला विषय कशाच्या बदल्यात चालतो ते जुळवा. 'इलेक्टिव्ह क्रेडिट' असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. त्याचा अर्थ क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळेल, पण तो विषय पुन्हा घ्यावा लागेल. मग कॉलेजच्या विभागाकडे दोन वर्षांचं कोर्स रोटेशन मागा, म्हणजे कुठला विषय कुठल्या सत्रात शिकवला जाणार ते. हे बहुतेकदा संकेतस्थळावर नसतं, विभागप्रमुखाकडे असतं आणि मागितलं तर मिळतं. चार सत्रं आणि दोन उन्हाळे असा तक्ता करून त्यात विषय बसवा, आणि जे वर्षातून एकदाच येतात त्यांच्याखाली लाल रेघ मारा. त्या लाल विषयांतला एक चुकला तर काय, याचं उत्तर आधीच शोधून ठेवायचं.

कारण वर्ग रद्द होतात. सत्र सुरू होण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी नोंदणी मोजली जाते आणि मुलं कमी असली की डिफरन्शिअल इक्वेशन्स किंवा स्टॅटिक्स पहिले जातात. अशा वेळी डीनना भेटून इंडिपेंडंट स्टडी म्हणून, म्हणजे वर्गाशिवाय प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, तो विषय घेता येईल का विचारावं, लहान कॉलेजात हे जमून जातं. नाहीतर राज्यातल्या दुसऱ्या कॉलेजचा ऑनलाइन वर्ग. कॅलिफोर्नियात त्यासाठी कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसची सोय आहे. मात्र त्या दुसऱ्या कॉलेजचा विषय तुमच्या विद्यापीठात चालतो का, हे नाव घालण्याआधी बघायचं.

गावातल्या सल्लागाराची नियत चांगली असते, पण त्याच्याकडे शेकडो मुलं असतात आणि प्रत्येक विद्यापीठाचा प्रत्येक शाखेचा नियम त्याला पाठ असणं शक्य नाही. पुढच्या विद्यापीठात ट्रान्सफर सल्लागार असतो आणि अजून प्रवेश न घेतलेल्या मुलाशीही तो बोलतो. त्याला तक्ता ईमेलने पाठवा, उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालेल" दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. प्रत्येक विषयाचा सिलॅबस पी.डी.एफ. करून जपून ठेवा. क्रेडिट नाकारलं गेलं तर फेरविचाराच्या अर्जाला तोच जोडावा लागतो. हे सगळं अतिरेकी वाटत असेल तर अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा २०१७ चा अंदाज लक्षात घ्या: २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. सार्वजनिक कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाताना नुकसान त्याहून कमी असतं, पण शून्य नसतं.

काही राज्यांनी हे काम सोपं केलं आहे. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' या संकेतस्थळावर कॉलेज आणि विद्यापीठ निवडलं की शाखेनुसार विषय समोरासमोर दिसतात. तिथे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा कॅम्पस, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी देतात. तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळातच भरायचा असतो, आणि एकाच कॅम्पसला. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि काही कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगही नाही. आपल्या मुलांपैकी कितीतरी नेमकी तिथेच जायचं म्हणतात, म्हणून 'गॅरंटी' हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये. फ्लोरिडात ए.ए. या दोन वर्षांच्या पदवीवर राज्यातल्या एखाद्या सार्वजनिक विद्यापीठात जागा नक्की मिळते, पण हवं ते विद्यापीठ आणि हवी ती शाखा मिळेलच असं नाही. टेक्ससमध्ये ४२ क्रेडिट-तासांचा कोअर, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांचा गट, सगळ्या सार्वजनिक विद्यापीठांत जसाच्या तसा चालतो. वॉशिंग्टन राज्यात क्वार्टर पद्धत (सेमिस्टरपेक्षा लहान सत्रं) आहे: तीन सेमिस्टर क्रेडिट म्हणजे साडेचार क्वार्टर क्रेडिट, आणि केमिस्ट्रीची तीन क्वार्टरची मालिका मध्येच सोडून दुसरीकडे गेलात तर दोन्ही ठिकाणी अर्धवट राहते.

पदवीचं नावही वाचून घ्यावं. ए.ए. आणि ए.एस. या पुढे जाण्यासाठीच्या पदव्या. ए.ए.एस. ही थेट नोकरीसाठीची, तिच्यातला 'ॲप्लाइड' महत्त्वाचा. सायबर सिक्युरिटी, नेटवर्किंग, ऑटोमेशन असे आकर्षक अभ्यासक्रम बरेचदा ए.ए.एस. असतात. वाईट अजिबात नसतात, गावातल्या कारखान्यात त्यावर चांगली नोकरी लागते. पण मुलाला पुढे बी.एस. करायचं असेल तर त्यातले बरेच विषय मोजले जात नाहीत. आणि ट्रान्सफरसाठी विषयात 'सी' श्रेणी चालते, 'सी मायनस' पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

एच-४ वरच्या मुलांबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमच्या सत्रांत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर अर्धवट मिळतं. एच-४ वर असताना आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) लागत नाही, अर्धवेळ शिकता येतं, कितीही ऑनलाइन वर्ग घेता येतात. काम मात्र करता येत नाही, कॉलेजच्या ग्रंथालयातसुद्धा. अनेक राज्यांत एच-४ वरचं मूल वास्तव्याच्या अटी पूर्ण करून स्थानिक दर मिळवू शकतं. कॉलेजच्या काउंटरवरचा माणूस "व्हिसा म्हणजे परदेशी" म्हणून तिप्पट दर लावतो असं छोट्या कॉलेजांत घडतं, कारण तिथे एच-४ ची फाइल क्वचित येते. राज्याचा वास्तव्याचा नियम छापून सोबत न्या आणि रेसिडन्सी अधिकाऱ्याशीच बोला.

एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. आय-९४ वरची, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीची, तारीख त्याआधीची असेल तर त्याआधीच. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेलं मूल दोन वर्षं संपवून विद्यापीठात जातं आणि तिथे वर्षभरात ही तारीख येते. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नसेल तर बहुतेक जण एफ-१ या विद्यार्थी व्हिसाकडे वळतात. त्याचा अर्ज लागायला महिने जाऊ शकतात, म्हणून तारीख जवळ येईपर्यंत थांबू नये. मूल उशिरा सुरू झालं असेल आणि कम्युनिटी कॉलेजातच एकवीस पूर्ण होणार असतील, तर प्रवेशाआधी दोन गोष्टी विचारा. पहिली, या कॉलेजला आय-२० देण्याची परवानगी आहे का. सगळ्या ग्रामीण कॉलेजांना ती नसते. दुसरी, प्रत्यक्ष वर्गात बसून बारा क्रेडिट होतील का. एफ-१ वर पूर्णवेळ म्हणजे सत्राला किमान बारा क्रेडिट, आणि त्यात ऑनलाइनचा एकच वर्ग, म्हणजे तीन क्रेडिट, धरला जातो. ग्रामीण कॉलेजांनी गेल्या काही वर्षांत बरेच विषय ऑनलाइन नेले आहेत. तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला नऊ क्रेडिटचे प्रत्यक्ष वर्ग जुळवणंही कठीण जातं. शिवाय एफ-१ झाल्यावर स्थानिक दर अनेक राज्यांत जातो, दोन्ही दर आधीच विचारून ठेवा. या विषयावर मंडळाने कॉलेज कन्सल्टंटला बोलू देऊ नये. इमिग्रेशन वकील आणि एखाद्या कॉलेजचा डी.एस.ओ. (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) असे दोघं एकत्र बोलवावेत, कारण वकिलाला क्रेडिटचे नियम माहीत नसतात आणि डी.एस.ओ.ला ग्रीन कार्डच्या रांगेत मुलाचं वय कसं मोजतात ते.

नर्सिंगकडे आपले पालक नाक मुरडतात, ते का ते आम्हाला कळलेलं नाही. ए.डी.एन. ही नर्सिंगची दोन वर्षांची पदवी करणाऱ्या मुलीला आणि चार वर्षांची बी.एस.एन. करणाऱ्या मुलीला एकच एन.सी.एल.ई.एक्स.-आर.एन. ही परवान्याची परीक्षा द्यावी लागते आणि लायसन्सही तेच मिळतं. 'दोन वर्षांची' हे मात्र फसवं आहे. त्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी वगैरे संपवायला वर्ष जातं, आणि प्रवेश बहुतेकदा वर्षातून एकदाच असतो. बऱ्याच ठिकाणी शास्त्र विषयांचे गुण पाच-सात वर्षांनी जुने धरले जातात. ग्रामीण भागातली अडचण क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकांची, आहे: गावातल्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद झाला असेल तर त्या विभागातली पाळी (रोटेशन) दीड-दोन तासांवरच्या शहरात होते, पहाटे निघून. प्रवेशाआधी विचारा, कुठली रोटेशन कुठे. अभ्यासक्रमाला राष्ट्रीय नर्सिंग मान्यता आहे का तेही बघा, नाहीतर पुढे बी.एस.एन. करताना दारं कमी होतात.

मेडिकलला जायचं असेल तर ज्या मेडिकल स्कूलांचा विचार आहे त्यांची पानं आधी वाचावीत. काही जण कम्युनिटी कॉलेजातली केमिस्ट्री बिनदिक्कत घेतात, काहींना वरच्या पातळीचे शास्त्र विषय चार वर्षांच्या विद्यापीठात झालेले हवे असतात.

आणि हा रस्ता नको, असंही कधी सांगावं लागतं. विद्यापीठांच्या मोठ्या मेरिट शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी असतात, ट्रान्सफरच्या मुलांसाठी त्या लहान आणि थोड्या. चांगल्या गुणांच्या मुलाला एखादं राज्य विद्यापीठ निम्मी फी माफ करत असेल तर गावातलं कॉलेज स्वस्त राहतंच असं नाही. शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेऊन (ड्युअल एनरोलमेंट) कितीही क्रेडिट मिळवली तरी मूल साधारणपणे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला येणारंच, धरलं जातं. बारावीनंतर ऑगस्टमध्ये पूर्णवेळ नाव घातलं की ट्रान्सफर होतं, आणि हे परत फिरवता येत नाही. ड्युअल एनरोलमेंटचे गुणही कायमचे चिकटतात. दहावी-अकरावीत गंमत म्हणून घेतलेल्या विषयातला 'डी' पुढे प्रत्येक अर्जात दाखवावा लागतो.

तर आमची मागणी. वर्षातलं एक सत्र, निदान त्यातला एक तास, यासाठी ठेवा. ते ऑगस्टमध्ये घ्या, कारण कॅलिफोर्नियाच्या गॅरंटीचे अर्ज सप्टेंबरमध्ये असतात आणि फाफ्सा साधारण १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो. डिसेंबरमध्ये घेतलेल्या सत्राचा उपयोग पुढच्या वर्षीच. वक्ता म्हणून तुमच्या राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठाचा ट्रान्सफर सल्लागार बोलवा. हे त्याच्या कामाचाच भाग असतं, तो बहुधा मानधन मागत नाही. दूरच्या गावांतल्या कुटुंबांसाठी झूमची लिंक द्या आणि ती फक्त सभासदांच्या ग्रुपवर न टाकता संकेतस्थळावर ठेवा, कारण तीन तास गाडी चालवून गणपतीला वर्षातून एकदा येणारे हे लोक बहुतेकदा सभासद नसतात. वसंतातल्या गुणवंतांच्या सत्काराचा अर्ज बारावी झालेल्यांपुरताच असतो, त्यात ट्रान्सफर होऊन विद्यापीठात गेलेल्यांसाठी एक रकाना वाढवा. आणि ज्यांनी ही आखणी पूर्ण केली आहे अशा पालकांचे तक्ते, नावं काढून, राज्यवार एका ठिकाणी जमवायला सुरुवात करा. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून प्रत्येक तक्त्यावर वर्ष लिहा आणि दोन वर्षांपेक्षा जुना तक्ता काढून टाका.

तक्त्याचा कोरा नमुना आणि वक्त्याला पाठवायची प्रश्नावली आम्ही तयार करून देऊ.

कळावे,
ग्रामीण अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत शिकवणारे आणि ट्रान्सफरचं काम बघणारे काही मराठी